मातृस्थळाचे फर्मान

एकच मजकूर नऊ ठिकाणी नऊ वेळा लिहावा लागू नये, या साध्या आणि माझ्यासारख्या आळशी मनुष्यास सर्वथैव शोभणाऱ्या हेतूने ज्या यंत्रणेचा जन्म झाला, ती यंत्रणा आमच्या संस्थेने पदरी बाळगल्यापासून एकच मजकूर नऊ ठिकाणी नऊ निरनिराळ्या तऱ्हांनी दुरुस्त करीत बसणे, आणि तेही बहुधा घरातील इतर माणसे झोपी गेल्यावर, हा माझा नित्यक्रम होऊन बसला आहे.

ही संस्था कोणती हे सांगण्याची सोय नाही. कारण तिच्या घटनेतील एका कलमान्वये संस्थेविषयी नियतकालिकांत काहीही लिहिण्यापूर्वी कार्यकारिणीची लेखी संमती घ्यावी लागते, आणि कार्यकारिणीची बैठक गणसंख्येअभावी तहकूब करण्याची परंपरा आम्ही कटाक्षाने पाळत आलो आहोत. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींना एका सूत्रात ओवणे हा तिचा उद्देश असून पुण्यास तिची कचेरी आहे, आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, पणजी, बेळगाव, लंडन, न्यू जर्सी व मेलबर्न येथे तिच्या शाखा आहेत, एवढे सांगितले तरी पुरे. मी तिचा मजकूर-चिटणीस. एका वार्षिक सभेत प्रोजेक्टरची सुटलेली वायर मी जागच्या जागी बसवून दिली, तेव्हापासून संगणकशास्त्रातील माझा अधिकार संस्थेत निर्विवाद मानला जातो, आणि ती वायर पुन्हा कधी सुटू नये अशी प्रार्थना मी मनोभावे करीत असतो.

प्रत्येक शाखेस स्वतःचे संकेतस्थळ हवे होते, प्रत्येक संकेतस्थळावर ताजा मजकूर हवा होता, आणि तो लिहिण्यास मात्र कोणासही सवड नव्हती. तेव्हा संस्थेतल्या एका तरुण तंत्रज्ञाने, जिला ही पोरे सीएमएस म्हणतात अशी एक मजकूर-व्यवस्थापनाची प्रणाली सुचवली. पुण्याच्या मातृस्थळावर मजकूर एकदाच चढवावयाचा, तो तेथून सर्व शाखास्थळांवर आपोआप उतरावयाचा, आणि प्रत्येक शाखेने त्यात आपल्या गावापुरता, लागेल तेवढाच फेरफार करावयाचा, अशी ती योजना. प्रत्येक रकान्याशेजारी एक इवलीशी साखळी काढलेली असते. साखळी अखंड असेल तोवर तो रकाना मातृस्थळाकडून भरला जातो. तिच्यावर टिचकी मारून ती तोडली की तो रकाना शाखेच्या मालकीचा झाला, आणि त्यानंतर मातृस्थळावर आकाश कोसळले तरी त्यास त्याची खबर लागत नाही.

ही सोय काही काल-परवाची नव्हे. २००३ साली निघालेल्या वर्डप्रेस या प्रणालीने २०१० साली आपल्या ३.० या आवृत्तीत, तोवर निराळी नांदणारी बहुस्थळी व्यवस्था मूळ घरात सामील करून घेतली, आणि ड्रूपलमध्ये तर तशी तजवीज त्याच्याही आधीपासून होती. आम्ही यांपैकी कोणती घेतली, की तिसरीच घेतली, हे सांगण्यात हशील नाही. कारण पुढे जे घडले त्यात प्रणालीचा काडीमात्र दोष नव्हता. तिला जे सांगितले ते तिने केले, आणि आमच्या सभासदांत व तिच्यात मुख्य फरक काय तो हाच.

पहिला पेच अधिकाराचा पडला. अशा व्यवस्थेत सर्व स्थळांवर ज्याची हुकमत चालते त्यास सुपर ॲडमिन असे म्हणतात. शाखेच्या साध्या ॲडमिनला आपल्या स्थळावर मजकूर घालता येतो, परंतु नवे प्लगिन बसवण्यासारखे अधिकार त्यास नसतात. हे कळताच, प्लगिन हा खाण्याचा पदार्थ आहे की लावण्याचा हे ज्यांना ठाऊक नव्हते त्या सर्व शाखाध्यक्षांना, ते बसवण्याचा अधिकार आपणास नसावा हा आपला अपमान वाटू लागला.

“पुण्याच्या अध्यक्षा सुपर, आणि आम्ही नुसते ॲडमिन?” इंदूरच्या अध्यक्षांनी दूरध्वनीवरून विचारले.

“अध्यक्षा नव्हेत हो, तो तंत्रज्ञ मुलगा सुपर आहे.”

“म्हणजे तो अध्यक्षांच्याही वर?”

या प्रश्नाचे खरे उत्तर ‘होय’ असे होते, म्हणून मी ते दिले नाही. पुढे रीतसर उपसमिती नेमण्यात आली, आणि तिच्या शिफारशीवरून नऊही ठिकाणच्या अध्यक्षांना सुपर ॲडमिन करण्यात येऊन, माजी अध्यक्षांचा हिरमोड होऊ नये म्हणून त्यांच्यासाठी ‘सन्माननीय सुपर ॲडमिन’ असे एक पद नव्याने निर्माण करण्यात आले. त्या मुलाचा अधिकार मात्र, त्याचे वय आणि वर्गणीची थकबाकी ध्यानात घेऊन, काढून घेण्यात आला. हल्ली त्यास काही दुरुस्त करावयाचे झाल्यास तो माझ्या नावाने आत शिरतो, आणि संस्थेच्या दप्तरी माझी बुद्धिमत्ता दिवसेंदिवस वाढत असल्याची नोंद होते.

अधिकार मिळाल्यावर तो गाजवणे ओघानेच आले. आमच्या मध्यवर्ती अध्यक्षा या वयोवृद्ध विदुषी असून त्यांनी दिवाळीनिमित्त एक हृद्य संदेश लिहिला होता. आपण माप ओलांडून सासरी आलो तेव्हाचे ते जुने घर, पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी भरलेली ओटी, पहाटेच्या काळोखात नऊवारीचा पदर सावरीत उजळलेल्या पणत्या, असा तो सगळा आठवणींचा मोहोर होता. तो नऊही स्थळांवर उतरला. ग्वाल्हेर शाखेचे अध्यक्ष हे लष्करातून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे, करड्या आवाजाचे गृहस्थ. आपल्या शाखेच्या स्थळावर दुसऱ्याचा संदेश असावा हे त्यांना रुचले नाही, म्हणून त्यांनी छायाचित्राच्या रकान्याची साखळी तोडून तेथे आपले पूर्ण गणवेशातील छायाचित्र लावले, नावाच्या रकान्याची साखळी तोडून तेथे हुद्द्यासहित आपले नाव घातले, आणि मजकुराच्या रकान्याची साखळी मात्र, ती तोडल्यास मजकूर लिहावा लागेल या सार्थ भयाने, अखंड ठेवली. त्यामुळे पदकांनी मढलेल्या त्या भारदस्त छातीच्या खाली, ‘पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी माझी ओटी भरली, आणि लाजेने मान वर करवेना,’ असे वाक्य दिवाळीचे चारही दिवस झळकत राहिले.

त्यांना अभिनंदनाचे पुष्कळ दूरध्वनी आले. संदेश ओजस्वी उतरला आहे, असे एकाने सांगितले. आजच्या तरुण पिढीने तो पाठ करावा, असे दुसऱ्याने सुचवले. भाषेला रणांगणाचा स्पर्श आहे, असे तिसऱ्याने लेखी कळवले. घोटाळा उघडकीस आणला तो त्यांच्या पत्नीने, आणि तिचाही आक्षेप मजकुरास नव्हताच. “ओटी भरली ती माझी, भरली ती यांच्या आईनं, मग त्याचं श्रेय यांनी का घ्यावं?” एवढेच तिचे म्हणणे होते.

पणजीचे प्रकरण याहून तात्त्विक होते. दिवाळीच्या पानावर अभ्यंगस्नान व त्यानंतर फराळ, असा क्रम आम्ही दिला होता. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवतात, पहाटे ते जाळतात, आणि मग घरोघरी गुळाचे, ताकाचे, नारळाच्या रसातले असे नाना परींचे फोव खातात.

“आमच्या पानावर चकली कशाला? आधी नरकासुर, मग फोव,” तेथील चिटणीस म्हणाले.

“मग तेवढा परिच्छेद बदला की. त्यासाठीच तर साखळी आहे.”

“आम्ही का म्हणून बदलावा? मूळ मजकूरच बदला. पुण्यात नरकासुर जाळायला कोणाची हरकत आहे?”

स्थानिक रंग चढवण्याची मुभा दिली म्हणजे प्रत्येक जण तो आपल्या भिंतीपुरता लावील, अशी तंत्रज्ञ मंडळींची एक भाबडी समजूत असते. वस्तुतः प्रत्येकास आपल्या आवडीचा रंग हवा असतो तो उरलेल्या आठांच्या भिंतींवर. न्याहारीच्या पानावर पोह्यांशेजारी जिलबी सर्वत्र असावी, असा इंदूरचा आग्रह पडला. नैवेद्याच्या ताटात कुंदा नसणे ही ऐतिहासिक चूक असल्याचे बेळगावाहून कळवण्यात आले. पुणेकरांचे म्हणणे सर्वांत साधे होते: पुण्याचे जे असते ते स्थानिक नव्हेच.

हा स्वभाव नवा नाही. इ. स. १८०२ साली वसईस तह करून दुसऱ्या बाजीरावांनी मसनदीच्या नावाने जो मजकूर मान्य केला, तो शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी आपणास लागू धरला नाही, आणि प्रकरण पुढील वर्षी असई व अडगाव येथील लढायांपर्यंत गेले. आमच्या शाखांपैकी तीन मराठा सरदारांच्या जुन्या राजधान्यांत नांदत असल्याने पुण्याहून आलेला कागद मस्तकी लावून बाजूस ठेवण्याची कला तेथील हवेतच मुरलेली आहे. आमच्याकडे गोष्ट लढाईपर्यंत गेली नाही, याचे श्रेय मी पुन्हा गणसंख्येच्या अभावासच देतो.

परंतु खरा कहर केला तो संकष्टीने. संकष्टी चतुर्थीचा उपवास चंद्रोदयानंतर सोडावयाचा असतो, आणि चंद्रोदयाची वेळ गावागणिक निराळी असते. म्हणून तर दिनदर्शिकांत निरनिराळ्या गावांच्या वेळा वेगवेगळ्या छापतात. आमच्या मातृस्थळावर पुण्याची वेळ घातलेली असे. ती जशीच्या तशी खाली उतरली असती तर एक वेळ निभावले असते. पण वेळेचा रकाना हा मजकुराच्या रकान्यासारखा साधा नसतो. वाचक ज्या देशी असेल त्या देशाच्या घड्याळात ती वेळ फिरवून दाखवण्याची त्यात व्यवस्था असते, आणि ऑनलाइन व्याख्यानांसाठी ती फार उपकारक आहे. चंद्र ऑनलाइन उगवत नाही, हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते. ज्येष्ठातील एका संकष्टीस पुण्याचा चंद्रोदय रात्री दहाच्या सुमारास होता. प्रणालीने अत्यंत सचोटीने हिशेब केला, आणि लंडनच्या स्थळावर चंद्रोदय सायंकाळी साडेपाचला, न्यू जर्सीच्या स्थळावर दुपारी साडेबाराला, आणि मेलबर्नच्या स्थळावर उत्तररात्री अडीचला जाहीर केला.

त्या रात्री मेलबर्नहून मला दूरध्वनी आला.

“चिटणीस, इथं दोन वाजायला आले. चंद्र तर जेवणवेळेपासून वर आहे. सोडू का उपास?”

“अहो, सोडा, सोडा.”

“पण स्थळावर अडीच लिहिलंय.”

“तो आकाशात दिसतोय ना तुम्हांला?”

“दिसतोय हो. पण मातृस्थळाच्या आधी कसा सोडायचा?”

या शिस्तीपुढे मी नतमस्तक झालो, आणि अर्ध्या तासाने पुन्हा दूरध्वनी करून त्यांना रीतसर परवानगी दिली.

मेलबर्नहून असा दूरध्वनी आलेला असता लंडन आणि न्यू जर्सी येथून एक अक्षर आले नाही, हे प्रथम माझ्या ध्यानात आले नाही. मी परोपकारबुद्धीने सर्व परदेशी स्थळांवरील साखळ्या तोडल्या आणि तेथील स्थानिक चंद्रोदयाच्या वेळा घातल्या. लंडनला त्या दिवसांत सूर्यच मुळी रात्री नऊनंतर मावळतो, आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या जवळपास उगवतो. ती वेळ झळकताच लंडन शाखेचा संताप अनावर झाला. सायंकाळच्या चहाबरोबर मोदक खाऊन संकष्टी पार पाडण्याची जी एक सुंदर प्रथा तेथे नुकतीच रुजू लागली होती, तिचा माझ्या हातून उच्छेद झाला होता. ‘मूळ मजकुरात ढवळाढवळ करण्याचा अधिकार चिटणिसांना कोणी दिला? आम्ही मातृसंस्थेशी एकनिष्ठ असून पूर्वीचीच वेळ कायम ठेवावी,’ असे पत्र आले. न्यू जर्सी शाखेने तर, दुपारी साडेबाराचा चंद्रोदय हा संस्थेच्या ऐक्याचे प्रतीक असल्याने तो पूर्ववत करावा, अशा अर्थाचा ठराव पूर्ण गणसंख्येनिशी संमत केला. आणि पूर्ण गणसंख्येचा आमच्या इतिहासातील पहिलाच प्रसंग म्हणून त्याची नोंद झाली आहे.

मेलबर्नकरांचे दैव मात्र सगळ्याच बाबतींत उलटे. मकरसंक्रांतीच्या पानावर, कडाक्याच्या थंडीत शरीरास उष्णता मिळावी म्हणून तीळगूळ खावा आणि ऊब धरून ठेवणारी काळी वस्त्रे नेसावीत, असा शास्त्रशुद्ध उपदेश आहे, आणि जानेवारी हा तेथे ऐन उन्हाळ्याचा महिना. पारा चाळिशीपलीकडे गेला असता काळ्या चंद्रकळा नेसून हळदीकुंकवास जमलेल्या महिलांचे एक छायाचित्र आमच्याकडे आले आहे; त्यातील प्रत्येकीच्या मुद्रेवर एकनिष्ठता आणि घाम यांचे समसमान दर्शन घडते. हा परिच्छेद बदलण्याची मुभा त्यांना होती. पण संकष्टीच्या प्रकरणात लंडनकरांनी माझी जी संभावना केली ती वाचून त्यांनी साखळीस हात न लावण्याचे ठरवले होते.

किरकोळ भानगडी सांगत बसलो तर लेख संपणार नाही. बेळगाव शाखेचा पत्ता अद्यापि स्थळावर चढलेला नाही, कारण पत्त्यात ‘राज्य’ हा रकाना भरणे सक्तीचे आहे आणि तेथील चिटणीस तो भरण्यास तयार नाहीत. रिकामा ठेवला तर प्रणाली लाल अक्षरांत दटावते. १९५६ सालापासून चिघळत आलेला आणि २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे असलेला वाद एका रकान्यात मिटवण्याचा अधिकार मजकूर-चिटणिसास नसल्याने मी तो पत्ता मसुद्यांत ठेवून दिला आहे. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीस हक्काची जागा दिली, परंतु इंदूरच्या कोषाध्यक्षांपर्यंत ते वर्तमान पोहोचलेले नसून ते आपला ताळेबंद जुन्या फॉन्टात टाइप करून पाठवतात. तो चढवला की स्थळावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची अशी काही गर्दी उसळते, की डॉलर पाहून आमच्या लेखापरीक्षकांनी एकदा परकीय चलनाविषयी खुलासा मागितला होता.

मात्र बडोद्याची हकीकत सांगितल्याखेरीज राहवत नाही. २७ फेब्रुवारीस, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त सर्व शाखांत एकाच दिवशी कविसंमेलन भरवावे, आणि त्यात पुण्याहून एका नामांकित कवींनी दूरदृश्य पद्धतीने सर्वांना संबोधावे, असे ठरले होते. बडोदेकरांनी फक्त सभागृहाचे नाव बदलण्यासाठी त्या पानाच्या सगळ्याच साखळ्या तोडल्या. पुढे कवींचा घसा बसला, मातृस्थळावर ‘कार्यक्रम स्थगित’ असे फर्मान निघाले, आणि ते बडोदे वगळून सर्वत्र पोहोचले. ठरल्या दिवशी ठरल्या वेळी सबंध बडोदे शाखा नटूनथटून हजर. हार तयार, चहा तयार, पडद्यावर मात्र काहीच नाही. तासभर पडद्याकडे पाहिल्यावर शाखाध्यक्ष उठले, खिशातून स्वतःच्या कविता काढल्या, आणि त्यांनी त्या वाचून दाखवल्या. ते थांबत नाहीत असे पाहून दुसऱ्यांनी आपल्या काढल्या. रात्री उशिरापर्यंत संमेलन चालले, आणि त्यात एकही नामांकित कवी नसल्यामुळे प्रत्येकास वाचावयास मिळाले. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्या वर्षीचा सर्वांत यशस्वी उपक्रम म्हणून त्याचाच उल्लेख आहे.

हे वाचून उरलेल्या शाखांनी मला जाब विचारला. “बडोद्याला स्थगिती नाही, आणि ती आम्हांलाच का?” असा त्यांचा सवाल होता. मी साखळीचे तत्त्व समजावून सांगितले, आणि त्यानंतरच्या एका आठवड्यात सर्व शाखांनी आपल्या कार्यक्रमांच्या पानांच्या साखळ्या तोडून टाकल्या. आता मातृस्थळावर काय लिहिले आहे याचा कोणत्याही शाखेस पत्ता नसतो, कोणती शाखा काय करीत आहे याचा मातृस्थळास पत्ता नसतो, आणि कार्यक्रम पूर्वीपेक्षा बरे होतात. नऊही ठिकाणी ज्याची साखळी जशीच्या तशी शाबूत आहे असे पान आता एकच उरले आहे, ते गोपनीयता धोरणाचे. ते अद्याप कोणी उघडलेले नाही.

माझी मुदत येत्या मार्चअखेर संपत असून मजकूर-चिटणीस हे पद रिक्त होत आहे. वेतन नाही, मराठी येणे इष्ट, झोप कमी असणे आवश्यक. इच्छुकांनी अर्ज कृपा करून मातृस्थळावरूनच करावा; शाखांच्या स्थळांवर जो अर्जाचा नमुना दिसतो तो गेल्या निवडणुकीचा आहे.